सावलीचं ताट

ज्या दिवशी तामोत्सुकाका घरी आले, त्या दिवशी किनुआत्याने सकाळपासून तीनदा ओसरी पुसली होती आणि तिन्ही वेळा मला ऐकवलं होतं, की तुझं पुसणं म्हणजे मांजरीने तोंड धुण्यासारखं आहे. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आणि मी बासष्टची. पण त्या घराचा उंबरा ओलांडला की माझं वय आपोआप बारावर येऊन थांबायचं. काका अकरा वाजता यायचे होते. ते युद्धावर गेले होते ब्याऐंशी वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या बर्फातून, गावकऱ्यांनी वाजवलेल्या ढोलामागून चालत, आणि तेव्हा सहा वर्षांची असलेली आत्या त्यांच्या बुटांच्या ठशांत पाय ठेवत ठेवत पुलापर्यंत गेली होती. पुलापलीकडे तिला कुणी जाऊ दिलं नाही.

माझे ते सर्वांत थोरले काका. मधले माझे वडील, आणि आत्या शेंडेफळ. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली. म्हणजे काकांना प्रत्यक्ष पाहिलेलं असं जगात आता एकच माणूस उरलं होतं आणि ते ओसरी पुसत होतं.

अकराला दोन मिनिटं असताना सरकारी कचेरीची काळी गाडी पुलावरून आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावातली चाळीसेक माणसं काळ्या कपड्यांत उभी होती. गावात माणसंच मुळी तेवढी उरली आहेत. गाडीतून हानावा नावाचे अधिकारी उतरले. दोन वर्षांपूर्वी हेच गृहस्थ कापसाची काडी घेऊन आले होते आणि आत्याच्या गालाच्या आतून लाळ पुसून घेऊन गेले होते. आज त्यांच्या दोन्ही हातांत पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी होती आणि ती त्यांनी छातीशी अशी धरली होती, की पायाखालची वाट त्यांना दिसतच नव्हती.

"आजी, आपल्या भावाला घेऊन आलोय," ते कमरेत वाकून म्हणाले. "फार उशीर झाला. क्षमा करा."

आत्याही वाकली, तिच्या मोडून जुळलेल्या खुब्याला झेपेल तेवढी. "तुमचा काय दोष?" ती म्हणाली. "आई सांगायची, तो शाळेतूनसुद्धा वेळेवर यायचा नाही."

कुणी हसलं नाही. हसावं की नाही हे कुणाला कळलं नाही. पेटी पितरांच्या देव्हाऱ्यासमोर पांढऱ्या चौरंगावर ठेवली गेली, उदबत्त्या लागल्या, माणसं एकेक करून नमस्कार करून गेली आणि मागे आम्ही तिघंच उरलो. हानावांनी चहाला हात न लावता कागद उघडले आणि सगळं हळू आवाजात सांगितलं. दक्षिणेच्या समुद्रातलं ते बेट. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिथे रस्ता रुंद करताना दरड कोसळली आणि एका गुहेचं तोंड उघडलं. आत एकाच माणसाचे अवशेष होते.

"एकटाच होता?" आत्याने विचारलं.

"एकटेच होते." हानावांनी पान उलटलं. "आजी, खरं सांगतो, आम्हाला आशा नव्हती. तिथलं ऊन, पाऊस, खारी हवा. ऐंशी वर्षांच्या हाडातून डीएनए मिळायचा म्हणजे दहातल्या नऊ वेळा हात हलवत परत यायचं. यांच्या नमुन्याबद्दल मात्र प्रयोगशाळेतले लोक म्हणाले, की इतका स्वच्छ नमुना कधी पाहिला नव्हता. तुमच्या लाळेशी पहिल्याच फेरीत जुळला."

"असं का बरं?" मी विचारलं.

"नशीब म्हणायचं, दुसरं काय," हानावा म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे केला. आत्याने सही केली. सही करून झाल्यावरही तिने पेन बराच वेळ सोडलं नाही.

घरच्यांनी एकदा आत पाहायचं असतं. आत्या म्हणाली, "सातोए, तू बघ. मला जवळचं दिसत नाही." आदल्याच दिवशी तिने माझ्यासमोर चष्म्याशिवाय सुई ओवली होती. पेटी उघडली, कापूस बाजूला केला.

इथे माझा धंदा सांगायला हवा. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात मागच्या खोलीत बसून मी पस्तीस वर्षं कवळ्या बनवल्या. माणसाचा चेहरा मी नंतर बघते, आधी दात. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी एका दाढेवरून माणसाची करायची सवय जडली आहे. हानावा झोपेत दात खातात हे मला त्यांच्या पहिल्याच नमस्कारात कळलं होतं. तर पेटीत एका मांडीचं अर्धं हाड होतं, बोटांची चार हाडं होती आणि खालचा अख्खा जबडा होता, दातांसकट. पुढच्या दातांत डावीकडचा दुसरा दात शेजाऱ्याच्या पुढे आडवा आला होता. तो आमच्या घराण्याचा दात. वडिलांना होता, आत्याला आहे, मी आरशात रोज बघते. ज्यांना मी कधी पाहिलं नाही ते काका मला त्या एका दाताने ओळखीचे झाले.

मग मी दाढा पाहिल्या.

सरकारी कागदांप्रमाणे काका बाविसाव्या वर्षी गेले होते. बावीस वर्षांच्या माणसाच्या दाढांना टोकं असतात, डोंगररांगेसारखी. बोट फिरवलं तर टोचतात. या दाढा सपाट होत्या. वरचं पांढरं कवच झिजून गेलं होतं आणि आतला पिवळा थर गुळगुळीत होऊन चमकत होता, तोही खोलगट, पाट्याला मधोमध खोली पडते तसा. असे दात मी पाहिले आहेत, शेकड्यांनी. पंचाऐंशी-नव्वदीचे शेतकरी, ज्यांनी आयुष्यभर स्वतःच्याच दातांनी भात खाल्ला, त्यांचे असे असतात. मी कापूस परत सारखा केला. वाळू मिसळलेलं अन्न खाल्लं तर दात लवकर झिजतात, असं मी स्वतःला सांगितलं. तिथे काय खात होते कोण जाणे.

"दादाच आहे ना?" आत्याने विचारलं.

"काकाच आहेत. आपला आडवा दात आहे," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

आमच्या भागात घरातलं माणूस दूर गेलं की त्याच्या नावाचं ताट रोज वाढतात. सावलीचं ताट म्हणतात त्याला. जेवायच्या मेजाशी त्याची जी जागा असेल तिथेच ते मांडायचं, त्याच्याच लाखेच्या वाटीत गरम भात भरून वर झाकण ठेवायचं आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर झाकण उघडून बघायचं. आत पाण्याचे थेंब धरलेले असले म्हणजे दूरचं माणूस खुशाल आहे, जेवतंय. झाकण कोरडं निघालं तर काय, ते कुणी बोलून दाखवत नाही. गरम भातावर झाकण ठेवलं तर वाफ धरणारच, एवढं शास्त्र मलाही कळतं आणि माझ्या आजीलाही, आत्याच्या आईलाही, कळत असणार. मेलेल्याचा भात निराळा. तो देव्हाऱ्यासमोर, वाटी शिगोशीग भरून, त्यात जेवायच्या काड्या उभ्या रोवून, आणि त्याच्यावर झाकण कधीही ठेवत नाहीत.

माझ्या आजीने काकांचा भात मरेपर्यंत देव्हाऱ्यासमोर ठेवला नाही. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात काका गेल्याचं पत्र आलं, पाठोपाठ पांढऱ्या कापडातली पेटी आली. आजीने ती चारचौघांसमोर उघडली. आत एक दगड होता. त्या काळी अशा पेट्या घरोघरी आल्या. "हा माझा मुलगा नाही, हा दगड आहे," आजी म्हणाली. "दगडाला दगडाचं काम करू दे." आणि तिने तो लोणच्याच्या पिंपावर वजन म्हणून ठेवला. तो अजून तिथेच आहे. त्या लोणच्यावर मी वाढले.

सावलीचं ताट मात्र चुकलं नाही. मी शाळेत असताना दूरच्या जंगलात लपून राहिलेला एक सैनिक इतक्या वर्षांनी जिवंत सापडल्याची बातमी आली, तेव्हा आजीने काकांच्या ताटात एक भाजलेला मासा जास्तीचा वाढला. आम्हाला त्या दिवशी मासा नव्हता. जेवण झालं की आत्या ताट उचलून पडद्याआड स्वयंपाकघरात न्यायची आणि झाकण घेऊन बाहेर यायची, आतली बाजू आजीकडे धरून. लाल लाखेवर थेंब चमकत असायचे. "बरा आहे," आजी म्हणायची. ताट उचलायचा मान आत्याचा. मी एकदा उचलायला गेले, तर आत्याने माझ्या हातावर चापट मारली होती. तिने लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, आणि आजी गेल्यावरही ते ताट ती मांडत राहिली. आम्ही सगळे म्हणायचो, किती माया.

अंत्यविधी चार दिवसांनी ठरला. आदल्या दुपारी गावचा पाथरवट येऊन गेला. थडग्यावर काकांचं नाव कोरायचं होतं आणि नावाखाली वय. तो म्हणाला, पत्राप्रमाणे बावीस होतं, तेच ना? आत्याने त्याला चहा दिला, पर्सिमनची दोन फळं दिली आणि उद्या सांगते म्हणाली. तो गेल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसून सुकवायची फळं सोलत होतो. ऊन पायांवर होतं. आत्याची सालं दोरीसारखी अखंड निघत होती आणि माझी तुटत होती.

"उद्या कशाला? आत्ताच सांगायचं होतंस," मी म्हणाले.

"तुला विचारायचं होतं आधी."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"दातांतलं कळतं ना? की गावातल्या सगळ्या म्हातारींना खोटं हसायला लावण्यापुरतंच?" ती म्हणाली, पण तिच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती. तिने सुरी खाली ठेवली. "झाकण कोरडं होतं, सातोए."

"कसलं झाकण?" मी विचारलं.

"मी सात वर्षांची. उन्हाळा होता. आईने सांगितलं, ताट आण. भात इतका गरम की वाटी हातात धरवेना. पडद्याआड झाकण उघडलं, तर आतून लखलखीत कोरडं. पुसून ठेवल्यासारखं." ती अंगणाकडे बघत बोलत होती. "आई बाहेर बसलेली. मी जिभेने चाटलं. आतून सगळं चाटून ओलं केलं आणि नेऊन दाखवलं. आई म्हणाली, बरा आहे."

"एकदाच ना, आत्या? सात वर्षांचं पोर..."

"दुसऱ्या दिवशीही कोरडं. तिसऱ्याही. आई गेली त्या दिवसापर्यंत रोज. बेचाळीस वर्षं."

"आणि आजी गेल्यावर?"

"आधी वाटलं सवय आहे. सवय नव्हती, भीती होती." तिने सोललेलं फळ उचललं आणि परत ठेवलं. "लहानपणी वाटायचं, आईला फसवतेय. पुढे पुढे वाटायला लागलं, आईला काय, तिला मनातून ठाऊकच असणार. फसतोय तो दादा. ज्याला घरचं माणूस रोज सांगतंय की तू आहेस, जेवतोयस, बरा आहेस, तो जाईल कसा? तिथे बिळात, एकटा. घरचा भात खात."

"आत्या, काहीतरीच काय."

"मग ऐक. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मी पडले. फेब्रुवारी, मार्च दवाखान्यात होते. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा ताट मांडलं गेलं नाही. मी घरी आले, आणि एप्रिलमध्ये तो सापडला. तो तुझा हानावा म्हणतो, नमुना ताजा आहे."

"ताजा नाही म्हणाला. स्वच्छ म्हणाला."

"तोंडाने स्वच्छ म्हणाला." आत्या माझ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि मला ते बघवत नव्हते. "माझ्याच थुंकीने त्याला तिथे अडकवला आणि माझ्याच थुंकीने परत आणला. मला वेडी म्हणायचं तर म्हण. पण तू दात पाहिलेस. दगडावर किती लिहायचं ते सांग. मी आईच्या शेजारी जाऊन पडणार आहे, तिला काय सांगू ते मला आत्ताच कळू दे."

कावळा ओरडला, कुणाच्या तरी शेतात यंत्र सुरू झालं. मला वाटतं, मी फार थांबले नाही. थांबले असते तर तिला कळलं असतं.

"बाविशीचे दात आहेत," मी म्हणाले. "दाढांची टोकं जशीच्या तशी आहेत, बोटाला टोचतात. उजवीकडची अक्कलदाढ तर पुरती वरही आलेली नाही. असे दात वर्ष-दोन वर्षांपेक्षा जास्त राहतच नाहीत, आत्या. काका त्याच उन्हाळ्यात गेले."

"शपथ?"

"माझ्या पस्तीस वर्षांच्या कामाची शपथ."

आत्याने डोळे मिटले. मग एकदम ती रडली, लहान मुलगी रडते तशी तोंड उघडं टाकून, आणि मी तिची पाठ चोळत राहिले. त्या रात्री तिने दोनदा भात मागून घेतला. माझी हयात खोटे दात बसवण्यात गेली. त्यांत आणखी एक खोटं बसवलं, आणि तेही अगदी घट्ट बसलं, असं मला वाटलं. वाईट वाटलं नाही. खरं सांगते, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मठातले भिक्षू आले, हानावा आले, बसभर माणसं आली. भात आत्याने स्वतः शिजवला. काकांची लाल वाटी तिने शिगोशीग भरली आणि तिचा हात आपसूक झाकणाकडे गेला. झाकण वाटीवर टेकायच्या आत हात थांबला. आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. मग तिने भातात काड्या उभ्या रोवल्या आणि झाकण माझ्या हातात दिलं.

"हे तू घेऊन जा," ती म्हणाली. "घरात राहिलं तर माझा हात जात राहील."

ते मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. बाहेर येऊन आत्याने उघडा भात पेटीसमोर ठेवला, हात जोडले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा, तू गेलास बरं का. एक्क्याऐंशी वर्षं झाली. आता नीट जा." भिक्षूंनीसुद्धा डोळे पुसले.

एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी मातीत द्यायच्या. मृत्यूची तारीख धड कुणाला ठाऊक नव्हती, तेव्हा पेटी घरी आली त्या दिवसापासून मोजायचं ठरलं, म्हणजे बर्फ साचायच्या आत होईल. तोवर पेटी देव्हाऱ्यासमोर राहणार आणि रोज सकाळी तिच्यापुढे भात. त्या दिवसांत आत्या अशी हलकी झाली, की गावातल्या बायकांनी मला फोन करून सांगितलं. ती सहकारी दुकानापर्यंत चालत जायची. तिने केस कापून घेतले. मला फोन करून ती दुकानातल्या पोरीच्या लग्नापासून पंतप्रधानांच्या टायपर्यंत सगळ्यांची टिंगल करायची.

"आणि उंदीर झालेत," एकदा ती म्हणाली.

"आता थंडीत?"

"नैवेद्याची वाटी उतरवते तेव्हा भाताला मधोमध खळगा असतो. चांगला दोन घासांचा."

"काड्या काढताना पडत असेल."

"काड्या मी काढते कुठे आधी? त्या आडव्या पडलेल्या असतात. उंदीरच. येताना सापळा आण."

मी सापळा नेला. देव्हाऱ्याच्या खाली तो पंधरा दिवस लागलेला होता, आतल्या सुक्या मासळीसकट. एकही उंदीर सापडला नाही. आत्या म्हणाली, हुशार आहे मेला, आपल्या घरात राहिला ना. मी देव्हाऱ्याभोवती लेंड्या शोधल्या. चटईवर एक काडीचासुद्धा कचरा नव्हता.

आठ डिसेंबरला सकाळी आकाश राखेच्या रंगाचं होतं. आत्याने नेहमीप्रमाणे भात ठेवला, आम्ही आवरलं आणि तासाभराने पेटी घेऊन निघालो. मठ घराच्या मागच्याच टेकाडावर आहे, पण आत्याच्या खुब्यामुळे वीस मिनिटं लागली. पाथरवट आधीच येऊन बसला होता. त्याने थडग्याखालची फरशी सरकवून ठेवली होती. दगडावर नवं कोरलेलं नाव अजून पांढरं दिसत होतं, आणि त्याखाली, वय बावीस. आत्याने त्या आकड्यावरून बोट फिरवलं, दोनदा.

"छान खोल कोरलंयस," ती पाथरवटाला म्हणाली. "आईला चष्म्याशिवाय दिसेल."

आमच्याकडे अस्थी भांड्यात घालून ठेवत नाहीत. फरशीखाली उघडी माती असते. आजी त्या मातीत आहे, माझे वडील आहेत. रक्ताच्या माणसाने उघड्या हातांनी एकेक अस्थी मातीवर ठेवायची, म्हणजे नवा माणूस जुन्यांत मिसळतो. आत्याला वाकता येत नव्हतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे उभी राहिली. भिक्षू मंत्र म्हणू लागले. बर्फाचे पहिले बारीक कण पडायला लागले होते.

मी मांडीचं हाड ठेवलं. बोटांची चार हाडं ठेवली, एकाशेजारी एक. ती बर्फासारखी गार होती, बोटं बधिर झाली. मग कापसातून जबडा बाहेर घेतला. दाढांकडे बघायचं नाही असं मी ठरवून आले होते. पण पस्तीस वर्षांची सवय. नजर गेलीच.

मागच्या दोन दाढांच्या फटीत भाताचं एक शीत अडकलं होतं. पांढरं, मऊ, अर्धं चावलेलं.

माझे हात हवेत तसेच राहिले असणार, कारण आत्याची बोटं खांद्यावर रुतली.

"काय गं? काय आहे?"

"काही नाही, आत्या."

"मग ठेव ना आत," ती मायेने म्हणाली. "किती वेळ धरून ठेवणार त्याला?"

मी अंगठ्याने ते शीत अलगद काढून घेतलं, जबडा आजीच्या मातीवर ठेवला आणि मूठ मिटली. पाथरवटाने फरशी सरकवली. मुठीतलं शीत कोमट होतं.